जुना अ‍ॅम्प्लिफायर किलोवर घालण्याआधी जरा थांबा

आपल्या भागातल्या एका देवस्थानाने परवा जुना अ‍ॅम्प्लिफायर भंगारात घातला. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कमेंटमध्ये दोन गट पडतील आणि मुद्दा राहील बाजूला. तसंही नावाने काही फरक पडत नाही. किकवी घ्या, कापूरहोळ घ्या, नसरापूर घ्या, खाली सारोळ्यापर्यंत या नाहीतर वर वेल्ह्याकडं जा. देवळाच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या नाहीतर तालमीच्या माळ्यावर असा एक लोखंडी डबा धूळ खात पडलेला असतो. पुढं चार गोल बटणं, मागं काचेच्या नळ्या. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. एक दिवस साफसफाई निघते, कुणीतरी म्हणतं "खराब झालाय", आणि डबा वजनकाट्यावर जातो.

माझा प्रश्न एवढाच आहे: खराब झालाय, हे ठरवलं कुणी?

मशीन उघडलं कुणी? तपासलं कुणी? नेमकं काय खराब झालं होतं? याचं उत्तर कुणाकडंच नसतं. मीटिंगमध्ये ठराव होतो, सह्या होतात, डेडस्टॉक रजिस्टरला लाल रेघ बसते. निर्लेखन! शब्द केवढा भारदस्त, आणि त्यामागं तपासणी किती? शून्य. भंगारवाल्याला दोष देऊ नका. तो त्याचा धंदा करतो. त्याला त्या डब्यात दिसतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये दिसतं तांबं. तो ते तोडतो. गंमत अशी की व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात, पण त्या मशीनचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मिळवताना नाकी नऊ येतात. सगळ्यात दुर्मीळ वस्तू आपण तांब्याच्या भावाने घालवतो आणि वर म्हणतो, "खोली मोकळी झाली."

काही जण म्हणतील, पाऊस नाही, रस्ता नाही, हायवेच्या ट्रॅफिकने जीव गेला, आणि पत्रकाराला जुन्या डब्याचं पडलंय. पडलंय. कारण प्रश्न डब्याचा आहे त्यापेक्षा दुरुस्तीचा जास्त आहे. ज्या गावात वस्तू उघडून बघायची सवय मेली, त्या गावाला पुढं कुणीही काहीही विकतो.

थोडं मागं जाऊ. आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं १९५३ साली. १९५६ मध्ये याच केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला, शेतकऱ्यांच्या रेडिओ मंचाचा. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावं. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, एकूण २०. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, मग चर्चा करायची, आणि प्रश्न केंद्राकडं पाठवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला आणि १९५९ पासून ही कल्पना देशभर नेली गेली. त्या वेळचे रेडिओ व्हॉल्व्हचे होते. म्हणजे आपल्या जिल्ह्याने जगाला दाखवून दिलेला हा प्रयोग काचेच्या नळ्यांवर चालला! पुढं यात्रेतला कर्णा, तंबूतला सिनेमा, पुढाऱ्याची सभा, हरिनाम सप्ताह, सगळं याच नळ्यांच्या जोरावर. बाजारात ट्रान्झिस्टर येईपर्यंत आपला सार्वजनिक आवाज व्हॉल्व्हमधूनच निघत होता.

आता वस्तू समजून घेऊ. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत एक तार तापते, तिच्याभोवतीच्या भागातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडं धावतात. मधे एक जाळी असते. माईककडून आलेला बारीक सिग्नल त्या जाळीवर दिला की इलेक्ट्रॉनचा मोठा लोंढा त्याच तालावर कमी-जास्त होतो. पाटाच्या तोंडावरचं दार समजा. दार हलवायला हात पुरतो, पण त्यातून पाणी वाहतं ते अख्ख्या शेताचं. इंग्रजांनी त्याला व्हॉल्व्ह म्हटलं ते उगाच नाही.

नावातही कोडं नाही. ईएल८४ घ्या. पहिलं अक्षर ई म्हणजे फिलामेंटला ६.३ व्होल्ट. एल म्हणजे स्पीकर हलवणारा पॉवरचा व्हॉल्व्ह. आकडा ८ ने सुरू होतो म्हणजे खाली नऊ पिनांचं सॉकेट. ईसीसी८३ मध्ये सी दोनदा आहे, म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. हा माईकचा बारीक आवाज वाढवतो. काचेवरच्या चार-पाच अक्षरांत अर्धी माहिती छापलेली आहे. म्हणून पहिली सूचना: धूळ पुसायच्या उत्साहात ती अक्षरं पुसू नका. ती शाई इतकी कच्ची असते की बोटानेही जाते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हा व्हॉल्व्ह सोल्डर मारून बसवलेला नाही, सॉकेटात खोचलेला आहे. बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की बल्बसारखा हाही एक दिवस जाणार. म्हणून त्याने तो काढता येईल असा बसवला. बऱ्याच मशीनच्या तळाला किंवा झाकणाच्या आत सर्किटचा नकाशाही चिकटवलेला असायचा. म्हणजे कंपनी गिऱ्हाइकाला सांगत होती, "बाबा, हे तुझं आहे, उघड." आज तुमच्या घरातली एक वस्तू दाखवा जी असं सांगते!

"खराब झालाय" म्हणणाऱ्यांसाठी आता जरा मिस्त्रीच्या भाषेत बोलतो. जुनं मशीन बंद पडलं की दहा जण सांगतात, "व्हॉल्व्ह गेले असतील." पुष्कळदा ते गेलेले नसतात. आधी जातात कंडेन्सर. मेणाचे आणि कागदाचे जुने कंडेन्सर पन्नास-साठ वर्षांत गळायला लागतात. पॉवरच्या व्हॉल्व्हच्या आधीचा कंडेन्सर गळला की जाळीवर नको तो व्होल्टेज जातो, व्हॉल्व्ह नको तितका करंट ओढतो आणि आतला पत्रा लालबुंद होतो. अशा वेळी तुम्ही नुसता व्हॉल्व्ह बदललात तर नवाही तसाच जळणार. रोग एकीकडं, औषध दुसरीकडं, आणि बिल तुमच्या नावावर. नवा जोड विकणाऱ्या दुकानदाराला याचं दुःख होत नाही, हेही लक्षात ठेवा.

व्हॉल्व्ह खरंच गेलाय का हे कळायच्या साध्या खुणा आहेत. काचेच्या आत, बहुतेक वेळा टोकाला, चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो पांढराफटक पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. डाग चंदेरी आहे पण फिलामेंट तापतच नाही, तर आधी पिना आणि सॉकेट बघा. गंज आणि मळ साफ केल्यावर कित्येक "मेलेले" व्हॉल्व्ह उठून बसतात. मशीन चालू असताना पेन्सिलीच्या टोकाने काचेवर हलकं टिचकलं आणि स्पीकरमधून टणटण आवाज आला, तर त्या व्हॉल्व्हचा आतला सांगाडा ढिला झालाय. एकाच नंबरचे दोन व्हॉल्व्ह असतील तर मशीन बंद करून त्यांची अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर सरकला तर व्हॉल्व्ह खराब, जागेवर राहिला तर मशीन खराब. एवढं तर्कशास्त्र आपल्या वडीलधाऱ्यांना पंपाच्या स्टार्टरपाशी येत होतं, तेच इथं लावायचं आहे.

पॉवरचे व्हॉल्व्ह जोडीने काम करत असतील तर जोडीनेच बदला, आणि मोजून सारखे निघालेले घ्या. एक म्हातारा आणि एक तरणा बैल जुंपला तर गाडी कशी चालते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हे व्हॉल्व्ह टिकतात साधारण काही हजार तास. रोज दोन तास मशीन लावलं तर वर्षाचे होतात ७३० तास. म्हणजे दरवर्षी नवे घाला असं सांगणारा तुम्हाला टोपी घालतोय. माईककडचे छोटे व्हॉल्व्ह तर त्याहून कितीतरी जास्त टिकतात.

आणि ही गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. वर्षानुवर्षे बंद पडलेलं मशीन थेट प्लगला लावून "बघू चालतंय का" असं करू नका. इथंच निम्मी मशीन मरतात. जुना मिस्त्री आधी सिरीज बोर्ड काढायचा. शंभरचा साधा पिवळा बल्ब मशीनच्या लायनीत सिरीजमध्ये. बल्ब भकन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. आधी उजळून मग मंद झाला तर पुढं जायला हरकत नाही. आणि स्पीकर किंवा कर्णा जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचं मशीन चालवायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. आत २५० ते ४०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये ते काही वेळ साठून राहतात. काही जुन्या रेडिओंना तर मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यातले व्हॉल्व्ह यू अक्षराने सुरू होतात, फिलामेंट दिवाळीच्या माळेसारखी एकामागं एक जोडलेली असतात आणि एक गेलं की सगळा रेडिओ विझतो. अशा रेडिओच्या लोखंडी सांगाड्यात थेट लायनीचा करंट येऊ शकतो. म्हणून पोरांच्या हातात पाना देऊन "उघड रे" म्हणू नका. बघायला, शिकायला बसवा. हात जाणत्याने घालायचा.

म्हणजे मी जाणत्यापाशी आलो, आणि खरं दुखणं इथं आहे.

आपल्या पट्ट्यात, भोरपासून शिरवळपर्यंत, हे काम येणारी माणसं आता बोटांवर मोजायची. जी आहेत ती साठी-सत्तरी ओलांडलेली. त्यांच्याकडं आपण कसं बघतो? मशीन ठेवतो, तासभर चहा पीत बसतो, त्याने दोष शोधला की विचारतो, "नुसतं बघायचे कसले पैसे?" डॉक्टरला नाडी बघायचे पैसे देतो, वकिलाला कागद वाचायचे देतो, आणि ज्याने चाळीस वर्षं कान घासून घूं आवाज कुठल्या कंडेन्सरचा हे ओळखायची विद्या कमावली, त्याला म्हणतो बघायचे कसले पैसे! दहा रुपयांचा भाग बदलला म्हणून मजुरीही वीसच रुपये द्यायची. त्याचा मुलगा मग या धंद्यात का येईल? तो एमआयडीसीत कंत्राटी कामाला जातो, आणि बरोबरच करतो.

आयटीआयमध्ये एके काळी रेडिओ आणि टीव्ही मेकॅनिक असा ट्रेड होता. नाव बदललं, अभ्यासक्रम बदलला, ते व्हायलाच हवं होतं. मी काही आज पोरांना फक्त व्हॉल्व्ह शिकवा असं म्हणत नाही. पण व्हॉल्व्हच्या मशीनइतकं चांगलं शिकवायचं साधन दुसरं नाही. त्यात प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो. तार कुठून निघाली, कुठं गेली, बोटाने दाखवता येतं. आजच्या मोबाईलच्या पाटीवर भिंगातूनसुद्धा काही कळत नाही. ज्या पोराने एकदा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर नकाशा बघून दुरुस्त केला, तो इन्व्हर्टरला घाबरणार नाही, मोटारीच्या पॅनेललाही घाबरणार नाही.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. पुण्या-मुंबईचे शौकीन. ते गावोगावच्या भंगारवाल्यांशी संधान बांधून असतात. आपण किलोवर घातलेला डबा त्यांच्या दिवाणखान्यात जातो, आणि मग "व्हॉल्व्हचा आवाज म्हणजे अमृत" अशी प्रवचनं सुरू होतात. मला ही भक्तीही पटत नाही. यंत्रावर मोजलं तर चांगल्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये आवाजाची मोडतोड बहुतेक वेळा जास्तच निघते. फक्त ती कानाला बोचत नाही, आणि मशीन ताणलं तर आवाज एकदम फाटत नाही. आवड म्हणून ठीक आहे, पण त्यावर पोथी कशाला? ईएल८४ चं नुसतं फिलामेंट तापवायला जवळपास पाच वॅट लागतात, ईएल३४ ला साडेनऊ. आवाज निघायच्या आधीच वीज खर्च. रोजच्या काकड्याला नवीन मशीन लावा, माझी काही हरकत नाही. माझी हरकत आहे ती आपल्याला किंमत कळत नाही म्हणून दुसऱ्याने ती फुकटात उचलण्याला.

"सामान मिळत नाही" हे कारण तर सगळ्यात लाडकं. अर्धं खरं आहे. आपली भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी १९६१ पासून बेंगळुरूला रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायची. ते उत्पादन केव्हाच बंद झालं. पण ईसीसी८३, ईएल८४, ईएल३४ हे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आजही नवे बनतात, कारण जगभरचे गिटारवाले ते वापरतात. २०२२ च्या मार्चमध्ये युद्धामुळं रशियातून निर्यात अडली, तेव्हा अमेरिकेतल्या वादकांची धावपळ उडाली होती. जुन्या रेडिओचे काही नंबर, यूसीएच८१ सारखे, आता नवे बनत नाहीत, ते जुन्या साठ्यातूनच शोधावे लागतात. म्हणूनच तर बंद मशीनमधले चांगले व्हॉल्व्ह फोडू नका म्हणतोय! आणि कंडेन्सर, रेझिस्टन्स? ते पुण्यात बुधवार पेठेत पसोड्या विठोबाच्या आसपास जा, नवे मिळतील. सामान नाही हे खरं कारण नव्हे. आपल्याला विचारायचा कंटाळा आहे.

आता त्या डब्याच्या जागी काय आलं ते बघा. चाकांचा, निळे-लाल दिवे लावलेला स्पीकर. आत बॅटरी, ब्लूटूथ, माईक, सगळं एकत्र. दोन यात्रा चालतो. मग बॅटरी फुगते नाहीतर पाटी जाते. दुकानदार सांगतो, "याला पार्ट येत नाही, नवीनच घ्या." नकाशा नाही, सुटा भाग नाही, पाटीवरच्या चिपचा नंबर कधीकधी मुद्दाम खरवडलेला. साठ वर्षांचा डबा दुरुस्त होतो आणि दोन वर्षांचा होत नाही, याला आपण प्रगती म्हणायचं? वर्गणी कुणाची गेली? तुमची-माझी.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या, अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही जागा आहे. कागद तयार आहेत. पण हक्क वापरायला माणूस लागतो. ज्याच्याकडं दुरुस्ती करणारा हातच उरला नाही, त्याने हक्काचं काय लोणचं घालायचं?

म्हणून मागण्या साध्या आहेत. खर्च फार नाही, थोडी लाज मात्र लागेल.

१. ग्रामपंचायत, शाळा, देवस्थान, वाचनालय. कुठलंही यंत्र निर्लेखित करण्याआधी जाणत्या मिस्त्रीकडून लेखी तपासणी घ्या. एक पान पुरे: काय बिघडलंय, दुरुस्तीला किती, नवीन घ्यायला किती.

२. त्या तपासणीचे पैसे द्या. उपकार म्हणून नाही, कामाचे म्हणून. ठरावात रक्कम लिहा.

३. वर्गणीतून किंवा निधीतून साउंड सिस्टीम घेताना सर्किटचा नकाशा आणि सुट्या भागांची हमी मागा. देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

४. दुरुस्त न होणारं मशीन द्यायचंच असेल तर आधी मिस्त्रीला किंवा आयटीआयला विचारा. त्यातले व्हॉल्व्ह, सॉकेट, ट्रान्सफॉर्मर दुसरं मशीन जगवतात.

५. जाणत्या मिस्त्रींना वर्षातून चार दिवस शाळेत बोलवा. मानधन देऊन. शाल-श्रीफळ राहू द्या.

कुणी म्हणेल, एवढ्याशा काचेच्या नळीसाठी एवढं? दवाखान्यात तुमचा एक्स-रे काढते ती नळीही याच जातीची आहे. घरात मायक्रोवेव्ह ओव्हन असेल तर त्याच्या पोटातला मॅग्नेट्रॉनही तिचाच भाऊबंद. व्हॉल्व्ह मेलेला नाही. आपल्याकडं मरतोय तो दोष शोधणारा कान.

तुमच्या गावात असं मशीन कुठं पडलंय, कुठल्या अवस्थेत आहे, काचेवरचे नंबर काय आहेत, ते कमेंटमध्ये टाका. फोटो टाका, पण प्लग लावू नका. मी गाववार यादी करतोय. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला कोण कोण उभं राहतंय, तेही आत्ताच सांगा. लाईक नको, नाव द्या.